गल्ल्यावरची नजर

आमच्या गल्लीतल्या वाण्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला आत पाऊल टाकायची सोयच नव्हती. रस्त्यावरून दोन पायऱ्या, मग लाकडी फळीचं काउंटर, त्यावर गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या आणि पलीकडे शेटजी. "अर्धा किलो गूळ, पाव किलो शेंगदाणे" असं ओरडायचं. पोऱ्या पोत्यातून माप भरायचा, पुडा बांधायचा आणि शेटजी कानावरची पेन्सिल काढून चिटोऱ्यावर आकडे मांडायचे. वेलदोडे आणि केशर मात्र पोऱ्याच्याही हाती लागत नसत. ते गल्ल्याच्या खणात, सुट्ट्या पैशांशेजारी. मागितले की शेटजी स्वतः खण उघडणार, देणार आणि खण लगेच बंद करणार.

त्या दुकानात कॅमेरा नव्हता, वॉचमन नव्हता, आणि उचलेगिरीही जवळपास नव्हती. माल आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक माणूस उभा असला की दुसरं काही लागत नाही. ही व्यवस्था चोरांना डोळ्यांसमोर ठेवून कुणी आखली नव्हती. माल सुटा होता, तो मोजायला माणूस लागायचा, एवढंच. पण हे काउंटर निघालं आणि त्यानंतर शंभरेक वर्षं जगभरचे दुकानदार त्याची भरपाई शोधत बसले आहेत. आजच्या मोठ्या दुकानातले गोल आरसे, दारातले खांब, कपड्याला टोचलेलं प्लॅस्टिकचं बोंड, बिलावर भोक पाडणारा दारातला माणूस, हे सगळे त्या शेटजींच्या नजरेचे सुटे भाग आहेत.

काउंटर काढलं ते अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात. क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या माणसाने सप्टेंबर १९१६ मध्ये 'पिगली विगली' अशा विचित्र नावाचं दुकान उघडलं. गिऱ्हाइकाने फिरत्या आडकाठीतून आत यायचं, टोपली घ्यायची, चार रांगांमधून चालत जायचं आणि मांडलेल्या सहाशे पाच वस्तूंपैकी हवं ते स्वतःच्या हाताने उचलायचं. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली. विक्रेत्यांचा पगार वाचला आणि विक्रीही वाढली, कारण हातात घेतलेली वस्तू परत ठेवणं जड जातं. साँडर्सला या मांडणीचं १९१७ साली पेटंटही मिळालं.

त्या पेटंटमधला नकाशा पाहण्यासारखा आहे. पहिल्या नजरेत तो विक्रीचा आराखडा वाटतो. पण आत शिरायची वाट एकच, वळणावळणाने जाणारी, मागे फिरू न देणारी. बाहेर पडायची वाटही एकच, आणि ती बरोबर पैसे घेणाऱ्याच्या समोरून. वर सज्जे, म्हणजे देखरेख करणाऱ्याला खालचं सगळं दिसावं आणि खालच्याला त्याची अडचण होऊ नये. काउंटर काढणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की आता नजर दुसरीकडे कुठेतरी बसवावी लागणार. ती त्याने इमारतीतच बसवली. दुकानाच्या रचनेतून चोरी रोखण्याबद्दल आज जे शिकवलं जातं त्याचा अर्धा भाग त्या एका नकाशात आहे.

आपल्याकडे हे बरंच उशिरा आलं. मुंबईत अपना बाजारसारख्या सहकारी भांडारांनी मोठ्या दुकानाची सवय लावली. डी-मार्टचं पहिलं दुकान पवईला निघालं ते २००२ साली. त्यानंतर वीसेक वर्षांत ट्रॉली ढकलत फिरणं ही रविवारची करमणूक झाली.

दुकानदार चोरीला चोरी क्वचितच म्हणतो. तो 'शॉर्टेज' म्हणतो, किंवा 'घट'. पुस्तकात शंभर नग, मोजले तर सत्त्याण्णव. ते तीन गिऱ्हाइकाने नेले, नोकराने नेले, मालाच्या गाडीतून आलेच नाहीत की बिल करताना चुकले, हे आकडा सांगत नाही. मागच्या दाराने जाणारा माल पुढच्या दारातल्या कॅमेऱ्यात दिसत नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या पाच वस्तूंपैकी तीनच स्कॅन करणारा कॅशियर तर कॅमेऱ्यासमोरच उभा असतो. म्हणून जाणता व्यवस्थापक आधी माल उतरवण्याच्या जागी मोजणी पक्की करतो आणि मग गिऱ्हाइकावर संशय घेतो.

पण घट कुठूनही होवो, हिशेब क्रूर आहे. किराण्यात सगळा खर्च वजा जाता शंभर रुपयांच्या विक्रीत दोन रुपये उरतात असं धरू. आता शंभर रुपयांना घेतलेली एक चॉकलेटची पेटी कुणाच्या पिशवीत गेली, तर ते शंभर रुपये परत मिळवायला पाच हजारांचा धंदा करावा लागतो. एका पेटीमागे पाच हजार! हे गणित ध्यानात घेतलं की ब्लेडच्या पाकिटावर त्या पाकिटापेक्षा मोठी प्लॅस्टिकची पेटी का चढवलेली असते ते कळतं.

१९७९ साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी एक साधी मांडणी केली. चोरी घडायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी याव्या लागतात: मन झालेला माणूस, उचलण्याजोगी वस्तू, आणि राखणदार नसणं. तिन्हींपैकी एक काढा, चोरी होत नाही. माणसाच्या मनाचं दुकानदार काही करू शकत नाही. उरतात वस्तू आणि राखण, आणि या दोन्ही गोष्टी मांडणीने बदलता येतात.

वस्तूबद्दल रोनाल्ड क्लार्क या गुन्हेशास्त्रज्ञाने पुढे १९९९ मध्ये लिहिलं. चोराला काय आवडतं? लपवता येईल असं, सहज नेता येईल असं, समोर मिळेल असं, किमती, हवंहवंसं आणि पटकन विकून टाकता येईल असं. ही यादी वाचली तेव्हा मला शेटजींच्या गल्ल्याचा खण आठवला. केशराची डबी या सगळ्या कसोट्यांना उतरते. पन्नास किलोचं तांदळाचं पोतं किमतीला भारी असूनही उतरत नाही, म्हणून ते रात्रीसुद्धा ओट्यावर पडून असायचं. शेटजींनी क्लार्क वाचला नव्हता, पण त्यांचा खण वाचलेला होता.

आता राखण. दुकानात शिरल्यावर रॅक किती उंच आहेत ते पाहा. मधल्या रांगा माणसाच्या खांद्याच्या आतबाहेर असल्या तर पलीकडचं डोकं दिसतं, आणि आपलंही पलीकडच्याला दिसतं. भिंतीलगतचे रॅक उंच चालतात. उंच रॅक मध्यभागी आले की गल्ल्या तयार होतात, आणि गल्ली म्हटली की आडोसा आला. रांगा काउंटरकडे तोंड करून, म्हणजे बिल करणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत लांबवर जाणाऱ्या असाव्यात. आडव्या लावल्या की प्रत्येक रॅक पडदा होतो. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराने सणासुदीच्या ऑफरचा पुठ्ठ्याचा भलामोठा मनोरा नेमका बिलिंगसमोर उभा केला होता. मागच्या कोपऱ्यात अत्तरं आणि क्रीम. महिन्याच्या मोजणीला त्याच कोपऱ्यात शॉर्टेज निघालं. त्याने मनोरा हलवला, कोपऱ्यात एक दिवा वाढवला आणि क्रीमच्या जागी झाडू-फिनाइल आणून ठेवलं. कॅमेरा त्या कोपऱ्यात आधीपासून होताच.

कॅमेऱ्याबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे सुरक्षा म्हणजे कॅमेरा अशी समजूत आहे. सोळा कॅमेऱ्यांचं चित्र एका पडद्यावर, आणि तो पडदा मालकाच्या केबिनमध्ये, जिथे मालक बसलेला नसतो. चोरी झाल्यावर फिल्म मागे फिरवून पाहायला त्याचा उपयोग. होण्याआधी उपयोग हवा असेल तर पडदा दारातच लावावा, आत येणाऱ्याला स्वतःचं चित्र दिसेल असा. गोल फुगीर आरशाचंही तेच. त्यात माणसं इतकी बारीक दिसतात की कुणी खिशात काय घातलं ते कळणं अवघड. पण आरशात पाहणाऱ्याला आपल्याकडे पाहणारं कुणीतरी आहे एवढं कळतं, आणि पुष्कळदा तेवढं पुरतं.

लहान युक्त्या याहून मजेशीर आहेत. भारी कपड्यांच्या दुकानात दांडीवरचे हँगर एकाआड एक उलट्या तोंडाने अडकवलेले असतात. त्यामुळे एका झटक्यात दहा शर्ट ओढून पळता येत नाही, एकेक सोडवावा लागतो. ट्रायल रूमच्या दारात "किती नग?" विचारून तितक्या आकड्याचं टोकन देतात. सराफाच्या दुकानातलं अंगठ्यांचं मखमली तबक पाहा: प्रत्येक अंगठीला खाच, आणि एकही खाच रिकामी नाही. एक अंगठी उचलली की मखमलीत भोक दिसतं, ओळीतल्या पडलेल्या दातासारखं. सराफ दुसरं तबक काढण्याआधी पहिलं सहज म्हणून मागे सरकवतो. गिऱ्हाइकाला वाटतं जागा करतोय. साडीच्या दुकानात पांढऱ्या गादीवर शंभर साड्यांचा ढीग पडतो तेव्हाही घड्या घालणारा मुलगा बोलत काही नसतो, पण मोजत असतो.

यंत्रांपैकी सगळ्यात हुशार मला दारातले ते दोन खांब वाटतात. त्यांतून काहीतरी 'किरणं' जातात असं लोक म्हणतात. खरी गोष्ट गाण्याच्या मैफलीतली आहे.

साबणाच्या किंवा तेलाच्या बाटलीवर कधी कधी जेमतेम पावणेदोन इंचाची पांढरी फुगीर पट्टी चिकटवलेली असते. ती फोडली तर आत धातूच्या पातळ, चकचकीत फिती निघतात. हा धातू खास असतो: चुंबकीय क्षेत्रात तो किंचित लांबतो-आखडतो. दारातला खांब सेकंदाला अठ्ठावन्न हजार कंपनांचा चुंबकीय हेलकावा सोडतो, क्षणभरच, आणि थांबतो. फितीची लांबी अशी कापलेली असते की तिचा स्वतःचा सूर नेमका तेवढाच. म्हणून ती थरथरू लागते, आणि खांब गप्प झाला तरी आणखी थोडा वेळ थरथरत राहते, देवळातली घंटा टोल पडल्यावर घुमत राहते तशी. खांब त्या शांततेत कान लावून बसलेला असतो. घुमणं ऐकू आलं की भोंगा. खिशातल्या किल्ल्या, पाण्याची बाटली, घड्याळ यांना हा सूर धरता येत नाही, त्यामुळे त्यांच्यावर भोंगा सहसा वाजत नाही. फितीशेजारी चुंबकाची आणखी एक पट्टी असते, सूर जुळवून धरणारी. बिल झालं की कॅशियर पाकीट एका पाटावरून फिरवतो, त्या पट्टीचं चुंबकत्व जातं, फितीचा सूर जुळेनासा होतो. मग ती दारातून मुकी जाते.

दुसरा प्रकार कागदी लेबलचा. त्यात चौकोनी वळणांची धातूची तार छापलेली असते, ती सेकंदाला ब्याऐंशी लाख कंपनांच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देते. बिल करताना जोरदार लहरीने तिचा एक नाजूक भाग जाळून टाकतात. आणि कपड्यावरचं कडक बोंड? एका बाजूने टाचणी, दुसऱ्या बाजूच्या घुमटीत स्प्रिंगवर बसलेल्या लोखंडाच्या बारीक गोळ्या. टाचणी ओढावी तितक्या त्या गोळ्या तिला जास्त आवळतात. काउंटरवरच्या जबर चुंबकावर घुमटी टेकवली की गोळ्या खाली ओढल्या जातात आणि टाचणी अलगद सुटते. ही सगळी विद्या १९६० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली. ती पुढे नेणाऱ्यांपैकी रोनाल्ड असाफ हा ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावचा किराणा दुकानाचा मॅनेजर होता. चोराच्या मागे धावून दमलेल्या माणसांच्या धंद्यातूनच हे यंत्र आलं, याचं मला फार बरं वाटतं.

मात्र यंत्राला एक खोड आहे. ते वस्तू ओळखतं, माणूस ओळखत नाही. मागच्या वर्षी एका कपड्यांच्या दुकानातून रीतसर पैसे देऊन निघालो आणि खांब बोंबलला. कॅशियर एका शर्टावरचं बोंड काढायला विसरला होता. दारातल्या मुलाने पिशवी उघडायला लावली, बिल पाहिलं, हसला, "जा काका" म्हणाला. दोन मिनिटांचं प्रकरण. पण रांगेतल्या वीस जणांनी ज्या नजरेने पाहिलं ती नजर घरापर्यंत सोबत आली. त्या दुकानात मी नंतर गेलेलो नाही. शर्ट चांगला निघाला, तरीही.

इथे वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांनी आत्मचरित्रात सांगितलेली गोष्ट आठवते. १९८० साली लुइझियानातल्या क्रॉली गावच्या त्यांच्या दुकानात चोऱ्या होत होत्या. मॅनेजरला दारात पहारेकरी बसवायचा नव्हता, प्रामाणिक माणूस बिचकला असता. त्याने एक हसतमुख वयस्क गृहस्थ दारात उभे केले. ते येणाऱ्याचं स्वागत करत आणि जाणाऱ्याचा निरोप घेत. खरेदीला आलेल्याला पाहुणचार वाटला. ज्याच्या कोटात काही होतं त्याला कळलं की आपल्याला पाहिलंय. पुढे ही प्रथा सगळ्या वॉलमार्टांमध्ये पसरली. आपल्याकडे हेच काम "काय दाखवू ताई?" हे तीन शब्द करतात. मदत आणि पहारा एकाच वाक्यात बसवणारा असा दुसरा स्वस्त उपाय मला माहीत नाही. अट एकच: तो प्रश्न प्रत्येकाला विचारला पाहिजे.

ही अट महत्त्वाची आहे, कारण नजर फार लवकर कपड्यांवर आणि चेहऱ्यांवर जाते. मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कायद्याने पुसला गेला १९५२ मध्ये, लोकांच्या डोक्यातून किती पुसला गेला ते लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने दाखवलं. साध्या कपड्यातल्या बाईच्या मागे मागे फिरणारा सेल्समन तेवढ्या वेळात इस्त्रीच्या शर्टातल्या गृहस्थाकडे पाठ करून उभा असतो, हा धंद्याच्या दृष्टीनेही मूर्खपणाच आहे. रॅकची उंची, दिवा, टोकन, तबकातली खाच यांना जात कळत नाही आणि चप्पल दिसत नाही. रचनेवर माझा भर आहे तो मुख्यतः यासाठी.

शिक्षेवर का नाही? शिक्षेचा प्रयोग इंग्लंडने करून पाहिला. १६९९ च्या कायद्याने दुकानातून पाच शिलिंगांचा माल लपवून नेणाऱ्याला फाशी सांगितली. मग ज्युरीतले लोक चोरीच्या मालाची किंमत चार शिलिंग दहा पेन्स ठरवू लागले, म्हणजे गळफास चुकला. शिक्षा इतकी जड झाली की ती देणाऱ्यालाच पेलेना. आपल्या १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेने उलट टोक धरलं आहे: पाच हजारांच्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेला माणूस आणि वस्तू किंवा किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची.

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत तिसराच मार्ग निघाला. टूथपेस्ट, साबणाच्या बाटल्या, डिओडरंट काचेच्या कपाटात आणि कपाटाला कुलूप. घंटी वाजवायची आणि किल्लीवाल्याची वाट पाहायची. चोऱ्या घटल्या असतील, गिऱ्हाईकही घटलं. वॉलग्रीन्स या औषधदुकानांच्या साखळीच्या प्रमुखांनी जानेवारी २०२५ मध्ये गुंतवणूकदारांसमोर हे कबूल केलं. संघटित टोळ्यांचा जो बागुलबुवा उभा राहिला होता त्यालाही डिसेंबर २०२३ मध्ये टाचणी लागली, जेव्हा किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 'निम्मी घट टोळ्यांमुळे' हा आपला दावा मागे घेतला. दुसरीकडे हीच दुकानं माणसं कमी करून स्वतःचं बिल स्वतः करण्याची यंत्रं बसवत होती. राखणदार घरी पाठवायचा आणि मग माल कुलपात घालायचा! त्या यंत्रांवर एरवी सज्जन माणसंही महागडं फळ तराजूवर ठेवून पडद्यावर गाजर निवडतात. समोर माणूस नसला की फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही.

आणि साँडर्सचं काय झालं? शेअरबाजारातल्या झुंजीत १९२३ साली कंपनी त्याच्या हातून गेली. १९३७ मध्ये त्याने मेम्फिसलाच नवं दुकान काढलं, 'कीडूझल'. त्यात एकेक नग काचेआड मांडलेला. गिऱ्हाइकाने हातातली किल्ली त्या वस्तूखालच्या भोकात घालायची, की मागून पट्ट्यावरून माल सरकत येणार आणि बिल तयार. ज्या माणसाने काउंटर काढलं त्यानेच काच उभी केली. यंत्रं गर्दीला पुरी पडली नाहीत, दुकान बंद पडलं. आज दहा मिनिटांत किराणा घरी आणणाऱ्या कंपन्यांची गोदामं त्याच चालीवर आहेत: आत गिऱ्हाईकच नाही, यादी आत जाते आणि पिशवी बाहेर येते.

आमच्या गल्लीतल्या शेटजींच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी दुकानाची फळी काढली. आत तीन रॅक, छातीइतक्या उंचीचे, सगळे रस्त्याकडून गल्ल्याकडे जाणारे. कोपऱ्यात गोल आरसा. तो स्वतः उंच स्टुलावर बसतो, मोबाईलवर हिशेब करतो आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला मान वर न करता विचारतो, "काय शोधताय?" परवा मी केशर मागितलं. त्याने गल्ल्याचा खण उघडला.